भरून येण्याचे महिने

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात दुखण्यांचे हंगाम ठरलेले आहेत. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की कंबर धरून बाया येतात. कापसाची वेचणी लांबली की मान आणि खांदे येतात. हिवाळ्यात गावोगाव कबड्डीचे सामने लागतात, तेव्हा गुडघे येतात. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नडगी दाबत लंगडणाऱ्या पोरापोरींनी बाकडं भरून जातं. मी इथे फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवते. वर्ध्याला शिकले आणि गावाकडे परतले. जाहिरात निघाल्याचं मला बहुतेक वेळा पेपरातून नाही, नडग्यांवरूनच कळतं.

येणारा शेतकरी असो, मास्तर असो की खेळाडू, प्रश्न एकच असतो : किती दिवस लागतील? शेतकऱ्याला डवरणी गाठायची असते, मास्तरांना शाळा. खेळाडूला तर पुढच्याच आठवड्यातला सामना गाठायचा असतो. यंत्राचा शेक घेतला की दुखणं निघून जातं, अशी समजूत सगळीकडे आहे. शेकानं बरं वाटतं हे खरंच, पण तुटलेलं भरून येतं ते वेळानं आणि कष्टानं. तो वेळ मागून घेणं हेच माझ्या कामातलं सगळ्यांत अवघड काम आहे. व्यायाम शिकवणं त्यापुढे सोपं.

एका चढाईपटू पोराची हकीकत सांगते, कारण तशी पोरं दर हिवाळ्यात येतात आणि त्यांची गोष्ट फारशी बदलत नाही. आमच्याकडे ५५ किलो वजनगटाचे सामने फार होतात. वजनात बसण्यासाठी पोरं आदल्या दिवशी जेवत नाहीत, पाणीसुद्धा मोजून पितात, आणि तशाच रिकाम्या अंगानं रात्री दिव्यांच्या उजेडात खेळतात. हा पोरगा बोनस गुण घेऊन मागे वळत असताना डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूनं त्याचा घोटा धरला. पाय जमिनीत रुतलेला, अंग मात्र वळलेलं. गुडघ्यात कटकन आवाज झाला. तो आवाज त्यानं ऐकला, पकडणाऱ्यानंही ऐकला. घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म फुगला. कोणीतरी पट्टा बांधला, कोणीतरी दुखणं मारायची गोळी दिली, आजीनं बिब्बा घातला. माझ्याकडे तो आला तेव्हा गुडघ्यापेक्षा बिब्ब्यानं उतलेली कातडीच जास्त लाल होती. मधल्या काळात सूज उतरली म्हणून तो आणखी एक सामना खेळून आला होता, आणि त्यात पाय पुन्हा निसटला होता.

"मॅडम, फायनलपुरतं काई तरी करून द्या ना," तो म्हणाला. "मंग मी आरामच करतो."

गुडघा वळताना आवाज झाला, दोन-चार तासांत सूज आली आणि नंतर उतरताना, वळताना पाय निसटू लागला, एवढं ऐकलं की गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटल्याची दाट शंका येते. तपासून ती बळकट होते, एमआरआयमध्ये पक्की होते. हे लिगामेंट नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना सांधा आवरून धरतं. मांडीचा स्नायू फाटला तर बहुतेक वेळा आपापला भरून येतो. हे लिगामेंट पूर्ण तुटलं की सहसा पूर्ववत जुळत नाही. सरळ चालणाऱ्याला, शेतात काम करणाऱ्याला काही वेळा शस्त्रक्रियेशिवायही, व्यायामानं मांडी मजबूत करून चालवून नेता येतं. पण ज्याला पळता पळता गर्रकन वळायचं आहे, त्याला बहुधा शस्त्रक्रिया लागते. त्यात मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा काढून त्या जागी बसवतात. नंतर ती नवी दोरी हाडात रुजायला, तिच्यात जीव यायला महिने जातात. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा तुटण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि तोवर परतणं जितकं पुढे ढकलावं तितका तो कमी होतो. हे मी त्या पोराला सांगितलं. नऊ महिने हा आकडा ऐकून त्याच्या बापाचा चेहरा पडला. "पोरगं मंग खेळन का नाई, तेवढं सांगा बाई," ते म्हणाले.

अशा वेळी मी तोमाश रोसिस्कीची गोष्ट सांगते. आमच्या पोरांना युरोपातला फुटबॉल मोबाईलवर बघून माहीत आहे. हा चेक खेळाडू मात्र त्यांच्या आधीच्या पिढीचा. त्याची ओळख मला अभ्यासातून झाली. मांडीमागच्या कंडरेची दुखापत किती चिवट असू शकते, हे शिकताना त्याचं नाव निघालं आणि पुढे त्याचे सामने बघता बघता मी त्या माणसात गुंतत गेले.

रोसिस्की १९८० साली प्रागमध्ये जन्मला. स्पार्टा प्रागमध्ये घडला, २००१ साली जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडनं त्याला प्रचंड रक्कम मोजून घेतलं, आणि २००२ मध्ये डॉर्टमुंड जर्मनीचं विजेतं झालं. त्याच्या पायात इतकी नजाकत होती की तिथे त्याला छोटा मोझार्ट म्हणत. २००६ मध्ये तो लंडनच्या आर्सेनलमध्ये गेला, आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्यानं दोन गोल केले. त्यातला एक इतक्या लांबून मारलेला होता की पोरांना दाखवला की ती मोबाईल परत मागतात, पुन्हा बघायला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. सगळं पुढेच पडलं होतं.

जानेवारी २००८ मध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्यात तो दुखावून लवकरच मैदानाबाहेर आला. आधी वाटलं, काही आठवड्यांची गोष्ट आहे. आठवड्यांचे महिने झाले, शस्त्रक्रिया झाली, त्या उन्हाळ्यातली युरो स्पर्धा हुकली. २००८-०९ या अख्ख्या मोसमात तो आर्सेनलसाठी एकही सामना खेळला नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि गोल केला. आर्सेनल तो सामना हरलं. मला तो गोल त्याच्या सगळ्या गोलांत मोठा वाटतो. मधले दीड वर्षाहून जास्त दिवस तो रोज सकाळी उठून काय करत असेल, हे मला माझ्या धंद्यामुळे नेमकं माहीत आहे. पाय सरळ करून मांडी आवळायची आणि सोडायची. पायरीवर चढायचं, उतरायचं. एका पायावर उभं राहायचं. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त, आणि दुखलं की परत मागे. त्यात कोणी टाळ्या वाजवत नाही.

पुढेही सुटका नव्हती. २०१२ च्या युरोत ग्रीसविरुद्ध टाचेच्या कंडरेनं दगा दिला. चेक संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला, पण तो तिथे खेळू शकला नाही. २०१६ च्या युरोत पस्तिसाव्या वर्षी तो कर्णधार म्हणून खेळत होता, तिथे मांडीचा स्नायू गेला. आर्सेनलमधल्या दहा वर्षांत तो २४६ सामने खेळला, म्हणजे क्लबच्या निम्म्याहूनही कमी. शेवटच्या मोसमात तर एकाच सामन्यात उतरला आणि त्यातच पुन्हा दुखावला. मग तो आपल्या जुन्या स्पार्टाकडे परतला आणि डिसेंबर २०१७ मध्ये थांबला. व्यावसायिक फुटबॉलला लागते तशी तयारी आता आपलं शरीर करू शकत नाही, असं त्यानं सरळ सांगितलं.

लोक अशा खेळाडूला काचेचा म्हणतात, वाया गेला म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्याचं शरीर वारंवार मोडलं तो आपल्या देशासाठी १०५ सामने खेळला. मार्च २०१४ मध्ये टॉटेनहॅमविरुद्ध सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तेव्हा त्यानं वेगानं पळत जाऊन जो गोल मारला, तो तेहेतीस वर्षांच्या, पुन्हा पुन्हा शिवलेल्या पायांनी मारला होता. पुढे तो स्पार्टाचा क्रीडा संचालक झाला, आणि त्याच्या कारकिर्दीत स्पार्टानं २०२३ आणि २०२४ अशी सलग दोनदा लीग जिंकली. वाया गेलेल्या माणसाची गोष्ट अशी नसते.

पोराच्या बापानं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् तेवढे दिवस त्याचा पगार चालू होता का जी?"

चालू होता. तो खेळत नव्हता त्या काळातही त्याच्याशी करार होता, डॉक्टर होते, फिजिओ होते, पोहण्याचे तलाव होते, आणि दुखापतींचा हा सगळा इतिहास समोर असताना क्लबनं त्याचा करार वाढवलासुद्धा. त्या माणसाच्या एका प्रश्नानं सगळा विषय उघडा केला. रोसिस्कीच्या चिकाटीला जितकं श्रेय आहे तितकंच त्याला मिळालेल्या वेळाला आहे. आमच्या पोराकडे चिकाटी कमी नाही. त्याला वेळ कोणी देत नाही.

आपल्याकडची उदाहरणंही मी सांगते, कारण चेक माणूस कितीही आवडला तरी लांबचा वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई आमच्या प्रत्येक चढाईपटूला तोंडपाठ आहे. प्रो कबड्डीच्या २०१८ च्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्याच वर्षी दोनशेहून जास्त गुण त्यानं घेतले, आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. आठव्या हंगामात खांदा गेला आणि बहुतेक सामने त्याला बाहेर बसावं लागलं. पोरांना बोली ठाऊक असते, खांदा ठाऊक नसतो.

श्रीरामपूरच्या झहीर खानचंही तेच. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन तो संयुक्तपणे अव्वल होता, आणि त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी मांडीमागचा स्नायू धरून तो बाहेर पडला. त्याच्यासाठी मालिका तिथेच संपली. तरी ९२ कसोटींत ३११ बळी त्याच्या नावावर आहेत. मला त्याच्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की कारकिर्दीच्या मधल्या काळात त्यानं धाव आखडती घेतली, चेंडू टाकण्याआधीची उडी कमी केली आणि वेगापेक्षा हातातल्या कसबावर भर दिला. शरीर जे देऊ शकत नाही ते त्याच्याकडून ओरबाडून घ्यायचं नाही, हे त्याला कळलं होतं. दुखापतीतून परतलेला खेळाडू आधीसारखाच खेळला पाहिजे, हा हट्ट बघणाऱ्यांनी आणि प्रशिक्षकांनी सोडला तर निम्मी पोरं वाचतील, असं माझं अनुभवावरून झालेलं मत आहे.

भरतीच्या पोरांची गोष्ट वेगळी आणि मला जास्त अस्वस्थ करणारी. तिथे खेळ नाही, नोकरी आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर. १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पोचलं तर पूर्ण २० गुण, पुढे वेळ वाढेल तसे टप्प्याटप्प्यानं गुण घसरतात. जाहिरात येईपर्यंत पोरं शेतात, दुकानात, नाहीतर अभ्यासिकेत बसलेली. जाहिरात आली की दुसऱ्या दिवशी पहाटे डांबरी रस्त्यावर सहा-सात किलोमीटर. बूट साधे, कधी तळ झिजलेला. हाडाला भार हळूहळू वाढवला तर ते मजबूत होतं. एकदम टाकला तर नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं, आणि तरीही पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर जाते. सुरुवातीला ही चीर साध्या एक्स-रेत दिसतसुद्धा नाही. मग घरचे म्हणतात, फोटोत तर काही नाही, पोरगी नाटकं करते.

अशी एक मुलगी दिग्रसकडच्या खेड्यातून एसटीनं यायची. बोटानं दाबलं की नडगीवरची नेमकी एक जागा दुखायची, रात्री झोपेतही ठणकायची. पाळी कित्येक महिने अनियमित होती आणि खाणं अगदीच अपुरं होतं. चीर पायात होती, कारण ताटात होतं. पळणाऱ्या मुलीला भाकरीबरोबर डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे पुरेसे मिळाले नाहीत तर तिचं हाड तिला साथ देत नाही. हे मी तिच्या आईला बोलावून सांगितलं. ती बाई म्हणाली, "घरात आधी पळणाऱ्याले वाढाव, हे आमाले कोनी सांगतलंच नाई." त्या भरतीत मुलीला उतरता आलं नाही. पुढच्या वेळी ती आठवड्यात काही दिवस मातीवर पळाली, काही दिवस नुसती सायकल चालवली, आणि जाहिरातीची वाट न बघता वर्षभर आधी सुरुवात केली. नडगी टिकली. निकालात नाव आलं नाही, लेखी परीक्षेत गुण कमी पडले. तिनं पुन्हा अर्ज भरला आहे.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्याजवळ अविनाश साबळे पडला आणि त्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट आणि गादी दोन्ही फाटल्याची बातमी आली, तेव्हा भरतीची पोरं दवाखान्यात तीच चर्चा करत बसली होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला, मग अडथळ्यांच्या शर्यतीत आला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. आमच्या पोरांना तो आपला वाटतो, कारण तोही भरतीतूनच गेला. एकानं विचारलं, "आता संपलं का त्याचं?"

मी त्यांना २०१८ चं साल आठवून दिलं. त्या आधीच्या काळात घोट्याच्या दुखापतीनं साबळे मागे पडला होता, त्या वर्षीची आशियाई स्पर्धा त्याला लाभली नाही. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनी यांचा १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. गुडघ्याची ही दुखापत त्या घोट्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, हेही सांगितलं. त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली, टोकियोच्या जागतिक स्पर्धेला मुकला. ज्या पोरांना दोन आठवडे थांबणं जड जातं त्यांनी त्याचं हे थांबणं नीट बघावं, त्याची पदकं बघतात तितक्याच लक्ष देऊन.

त्या चढाईपटूचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. यवतमाळला एमआरआय झाला, लिगामेंट पूर्ण तुटलेलं निघालं. शस्त्रक्रियेला पैसे जमवण्यात आणि तारीख मिळण्यात एक उन्हाळा गेला. नंतर तो माझ्याकडे यायला लागला तेव्हा त्या पायाची मांडी दुसऱ्या मांडीच्या तुलनेत इतकी सुकली होती की त्याची आई बघवेना म्हणून बाहेर जाऊन बसायची. पेरणीत खाडे झाले, सणावारात झाले. तरी तो आला. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी होईपर्यंत, एका पायावर उडी मारून न डळमळता उतरता येईपर्यंत मी त्याला मैदानाकडे फिरकू दिलं नाही, आणि या बाबतीत त्याच्या संघाचा कर्णधार माझ्या बाजूनं उभा राहिला. त्या पोराच्या नशिबातली ही सगळ्यांत चांगली गोष्ट. दुसऱ्या हिवाळ्यात तो खेळला. आता तो बोनसच्या मागे लागत नाही, घोटा समोर ठेवून वळत नाही, हातानं स्पर्श घेऊन निघतो. गुण कमी येतात. त्याच्याच गटातला दुसरा एक पोरगा, तसाच गुडघा घेऊन, इंजेक्शनवर फायनल खेळला होता. तो आता पुण्याला कंपनीत उभ्यानं काम करतो, आणि सुट्टीत आला की गुडघा अडकतो म्हणून माझ्याकडे येतो. त्याच्या गुडघ्यातली गादी झिजत चालली आहे, आणि तो अजून तिशीतही नाही.

मैदानावर आम्ही आता संध्याकाळी काही पोरांना एक व्यायाम नेमानं करायला लावतो. एकानं गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं मागून त्याचे घोटे दाबून धरायचे, आणि पहिल्यानं कंबरेत न वाकता अंग हळूहळू, होईल तितकं सावकाश पुढे झुकवत जमिनीकडे न्यायचं. याला यंत्र लागत नाही, जिम लागत नाही, पैसा लागत नाही. मांडीमागच्या स्नायूच्या दुखापती या एका व्यायामानं जवळपास निम्म्यावर येतात, असं फुटबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्या आठवड्यात पोरं कुरकुरतात, मांड्या भरतात. नंतर कोण किती खाली जातो याची पैज लागते.

आमच्या भागात कबड्डीच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांचा मला आदर आहे. वर्गणी गोळा करून, रात्री जागून ते खेळ जिवंत ठेवतात. मोठ्या रकमेची बक्षिसं लागतात, मंडप पडतो, ध्वनिक्षेपकावरून समालोचन होतं. त्यांच्याकडे माझं मागणं छोटं आहे. मैदानाच्या कडेला बर्फाची एक पेटी ठेवा. बर्फ मिळणं अवघड नाही, कोणत्याही थंड पेयांच्या दुकानात मिळतो. गुडघ्यात आवाज होऊन जो पोरगा खाली बसला, तो कितीही म्हणाला तरी त्या रात्री त्याला परत उतरवू नका, आणि हा नियम सामने सुरू होण्याआधी पंचांकडून जाहीर करून घ्या. पहिल्या बक्षिसाच्या रकमेतला काही भाग काढून ठेवा आणि त्या स्पर्धेत जखमी झालेल्या पोराच्या एमआरआयला द्या. वजनाची मोजणी सामन्याच्या बऱ्याच आधी घ्या, म्हणजे पोरं जेवून खेळतील. आणि या हिवाळ्यात तुमच्या घरातलं पोरगं सुजलेला गुडघा घेऊन आलं, तर बिब्बा घालू नका. पाय उंच ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा, आणि सकाळी पहिल्या एसटीनं डॉक्टरकडे न्या.